दोर पुरेपर्यंत

“दोरी? कुठली दोरी?”

आत्याबाईंच्या दातांत वाखाची बट होती, तरी त्यांनी असं काही विचारलं की थारोळ्यावरचा कावळा उडून गेला. मी आपलं साधं म्हटलं होतं, “आत्याबाई, ती दोरी जरा इकडं सरकवा.”

“बैलाच्या नाकात असती ती येसन,” त्या म्हणाल्या. “तोंडावर म्होरकी. हाकनाऱ्याच्या हातात कासरा. गोठ्यात बांधायचं ते दावं. गाडीवरचं वझं आवळायचं ते चऱ्हाट. मोटंला वरचा नाडा, खालचा सोंदूर. आता बोल, ह्यातली कंची देऊ?”

“ती बारकी.”

“बारकी!” त्यांनी बट तोंडातून काढली. “बाजारात गेलीस तर ‘ती हिरवी भाजी द्या’ म्हनशील.”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, भिवराबाई. माझ्या बापाचं तालुक्याला सायकल दुरुस्तीचं दुकान. मी तिथं वाढलेली, आणि लग्न होऊन या माळावरच्या वस्तीवर येऊन तेव्हा चारच महिने झाले होते. शेतातलं मला ओ का ठो कळत नव्हतं. येत होतं ते एकच, बोलणं. आल्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगून टाकलं की आमच्या दुकानातली सायकल घेऊन एक माणूस थेट दिल्लीला गेला, आणि तिथं उतरल्यावर त्याच्या ध्यानात आलं की सायकलीला चेनच नाही. मामंजी हसून हसून उचक्या देत बसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “मग येताना कसा आला गं?” मला खोटं पाडायचं म्हणून नव्हे हो. त्यांना पुढचं ऐकायचं होतं. तेव्हाच मला कळलं, या बाईशी आपलं जमणार.

बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, तोंडावर आला होता. बेंदराला बैलांना शिंगापासून शेपटापर्यंत सगळं नवं लागतं, म्हणून आत्याबाईंनी वाख, म्हणजे अंबाडीचा धागा, विहिरीच्या थारोळ्यात भिजत घातला होता. मोटेचं पाणी ज्या दगडी हौदात पडायचं ते थारोळं. तिथंच करंजाच्या सावलीत बसून आम्ही दावी वळत होतो. त्या वळत होत्या, मी बटा गुंतवून ठेवत होते. घर तिथून दोन वावरं पलीकडं. मामंजी बैलांच्या खुरांना पत्री ठोकायला गावात गेले होते, गाडी, बैल आणि होती तेवढी सगळी जुनी दावी-कासरे घेऊन.

आता त्या सालचं एक सांगायला पाहिजे. त्या साली आमच्या माळाला इंजिनांचं वेड लागलं होतं. विहिरींना सुरुंग लावून त्या खोल केल्या, काठावर इंजिनं बसवली, आणि मोटा सुटल्या. इंजिन पहिल्यांदा फुकफुक करायला लागलं की नारळ फोडायचा आणि कोयत्यानं नाडा तोडायचा, अशी रीतच पडून गेली. नाडा म्हणजे मोट ओढायचा लांबच लांब, मनगटाएवढा दोर. तो तोडून त्याची दावी करायची. ह्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तर सोंदूरसुद्धा ठेवला नाही. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या होत्या, “तातोबा, ऱ्हाऊ दे की रं एक. खायला मागतोय व्हय?”

“आये, आता पानी चाकावर येनार. दोराची सद्दी सपली.”

तर असे हे आमचे मालक त्या दिवशी हातात पाना घेऊन विहिरीवर आले. “फुटबॉलात गाळ अडकलाय,” म्हणाले. पाइपाच्या तळाशी झडप असते, तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, विहिरीत पोरं खेळतात की काय.

“मामंजी आल्यावर उतरा की,” मी म्हटलं.

“फुटबॉल काढायला का वरात लागती?” असं म्हणून ते भिंतीतल्या दगडी पायट्यांवरून उतरायला लागले. खाली गेल्यावर त्यांचा शीळ घालण्याचा आवाज वर येत होता.

मग शीळ थांबली. आधी एक दगड खडखडला, मग त्याच्यामागं बरेच, आणि मग पाणी वाजलं.

मी किंचाळले. आत्याबाई किंचाळल्या नाहीत. त्या काठावर पालथ्या पडल्या आणि खाली डोकावून त्यांनी विचारलं, “पाय?”

“मोडला,” खालून आवाज आला.

“डोस्कं?”

“फुटलंय वाईच.”

“मग बस तितंच. हलू नगंस.”

मी डोकावले. सुरुंगानं खिळखिळी झालेली अर्धी भिंत खाली आली होती, पायट्यांसकट. उतरायला वाटच उरली नव्हती. हे खाली एका खडकावर भिंतीला टेकून बसले होते, उजवा पाय नको तिकडं वळलेला. डाव्या अंगाला, अगदी हाताशी, सुरुंगाचा खोल डबरा होता, काळाभोर पाण्यानं भरलेला. आणि फुटबॉल अडकल्यामुळं इंजिन बंद होतं. सुरुंगानं मोकळे झालेले झरे चारी बाजूंनी येत होते. बसलेल्या माणसाच्या मांड्या त्या पाण्यानं आत्ताच झाकल्या होत्या.

“हौसे, पळ,” आत्याबाई म्हणाल्या. “दौलूला सांग, नाडा घिऊन ये.”

दौलूमामांची वस्ती ओढ्यापलीकडं. मी अशी पळाले म्हणता, वाटेत एक ससा होता, तो मागं राहिला. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्यानं थांबून माझ्याकडं बघितलं. दौलूमामा आणि त्यांची दोन थोरली पोरं चिखलात बांध घालत होती. तिघंही लंगोटावर. दौलूमामांच्या डोक्याला तेवढा पटका. मी सांगितलं तशी तिघं तसंच धावत आली, पण हात रिकामे.

“नाडा कुठाय?” आत्याबाईंनी विचारलं.

दौलूमामा खाली बघायला लागले. “इंजिन आनलं तवाच तोडला, वयनी.”

“सोंदूर?”

“त्यो बी.”

“शिरप्याच्या वस्तीवर?”

“त्यानं आमच्या आदी तोडला.”

आत्याबाईंनी सगळ्या माळावरनं एकदा नजर फिरवली. सहा इंजिनं दिसत होती तिथून. नाडा एकही नाही. गाव कोसभर लांब, आणि खाली पाणी चढत होतं.

दौलूमामांचा थोरला म्हणाला, “काकी, मी उडी टाकतो. त्याला धरून बसतो.”

“खाली खडक हाय. एकाचं दोन व्हत्याल.” आत्याबाई थारोळ्याकडं वळल्या. “दोन दावी वळून झाल्यात. तिसरं अर्ध्यावर हाय. वाख भिजल्याला हाय. चला, वळूया.”

“आता?” दौलूमामा म्हणाले. “ह्येवढा दोर? दिवस जाईल!”

“मग बोलन्यात नगा घालवू.”

माणसांना कामाला लावणारे मी पुष्कळ बघितले आहेत, पण तसं कुणी बघितलं नाही. त्यांनी थोरल्या पोराच्या हातात काठी दिली, धाकट्याच्या हातात दुसरी, आणि दोघांना धावेवर उतरवलं. धाव म्हणजे विहिरीपासून खाली जाणारी उतरणीची वाट, जिच्यावरून मोटेचे बैल चालत जायचे. पोरं काठ्या फिरवत मागं मागं सरकायची, दौलूमामा वाखाच्या बटा जोडत जायचे, आणि आत्याबाई मधोमध उभ्या राहून पदर एकात एक घालत जायच्या. सुटे पदर एकीकडं पिळायचे आणि मग सगळे मिळून उलटीकडं. एक सुटायला गेला की दुसरा त्याला आवळणार.

“गाठी नगा मारू,” त्या सारख्या ओरडत होत्या. “गाठ घात करती. सांधा. पदरात पदर घाला. आरं, नुसता वाख म्हंजी दोर न्हवं! पीळ दे, पीळ!”

पण खालचा आवाज बारीक व्हायला लागला होता. “आये, झोप याय लागलीया,” हे म्हणाले.

आत्याबाईंचे हात थांबले नाहीत, पण चेहरा पांढरा झाला. डोकं फुटलेला माणूस झोपला की डाव्या अंगाला कलंडणार, आणि डाव्या अंगाला डबरा.

“हौसे,” त्या म्हणाल्या, “इतं तुजा काय उपेग न्हाई. तू काठावर जा आन बोल.”

“काय बोलू?”

“चार म्हैनं काय बोलतीयास? तेच. त्याला झोपू द्यायचं न्हाई. दोर पुरंपातूर तुजं तोंड थांबलं न्हाई पायजे.”

मी काठावर जाऊन पालथी पडले. “अवो!” मी ओरडले. उत्तर नाही. “अवो, ऐकलं का?” उत्तर नाही.

“नाव घिऊन हाक मार!” मागून आत्याबाई.

तुम्हाला आता त्याचं काही वाटणार नाही. पण आमच्या वेळी नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घ्यायचं, तेही लाजत. मी डोळे मिटले आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडले, “तातोबाऽऽ!”

खाली पाणी हललं. “कोन हाय गं ती नाव घेनारी?”

“मी!”

“लाज न्हाई वाटत?”

“वाटती. म्हणून तर डोळे मिटलेत. ऐका, तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“आत्ता?”

“आत्ताच. दोराला इतकी नावं कशी पडली, ते.”

खरं तर मला काही सांगायचं नव्हतं. डोकं रिकामं होतं. सकाळी आत्याबाईंनी पढवलेली नावं तेवढी कानात होती. मी त्यांनाच धरलं.

“आधी जगात एकच दोर होता,” मी म्हटलं. “देवाचा. आभाळाच्या आढ्याला बांधलेला. आणि शिंक्यात दह्याचं मडकं असतं ना, तशी त्याला पृथ्वी टांगलेली. देवाला तहान लागली की तो दोर ओढायचा, समुद्रातलं ओंजळभर पाणी प्यायचा, आणि पृथ्वी परत सोडून द्यायचा.”

“खारं पानी?”

“तेव्हा गोड होतं. खारं कसं झालं ती गोष्ट वेगळी. मधे बोलू नका. तर एक दिवस नंदी उपाशी राहिला. त्याला वाटलं, ही कडब्याची पेंडी लोंबतीय. त्यानं दोर चघळला. चघळला, चघळला, आणि तुटला की हो! त्याचे तुकडे सगळ्या जगावर पडले. एक तुकडा नंदीच्याच नाकात अडकला. ती वेसण. तेव्हापासून बैलाच्या जातीला ती भोगावी लागतीय.”

“आन दावं?”

बघा, विचारायला लागले! माझ्या अंगात बळ आलं. “एका बाईचं वासरू सारखं पळायचं. तिच्या दारात एक तुकडा पडला. ती आभाळाकडं बघून म्हणाली, देवा, तुझं माझ्यावर लक्ष आहे म्हणून तूच हे दावलंस. दावलंस म्हणून दावं.”

“ह्ये तू आत्ता रचतीयास.”

“माझ्या आजीनं सांगितलंय.”

“तुजी आजी सायकलीच्या दुकानात बसायची. तिला काय ठावं दावं?”

“तिला सगळं ठाऊक होतं. तिनं एकदा वाघाला पंक्चर केलं होतं.”

खालून हसल्यासारखा आवाज आला, मग कण्हल्यासारखा. मागं वळून बघितलं तर धावेवर दोर सापासारखा वाढत होता. आत्याबाईंच्या तळहातांतून रक्त येत होतं. वाख लाल झाला होता, तरी हात गिरणीच्या पट्ट्यासारखे चालत होते.

“थांबलीस का?” त्या ओरडल्या.

“कासरा राहिला!” मी खाली ओरडले. “एक तुकडा पडला तो सूर्याच्या गळ्यात. सूर्य तेव्हा लहान होता, उनाड. कधीही उगवायचा, कधीही मावळायचा. एका शेतकऱ्यानं त्या तुकड्याचं टोक धरलं आणि म्हणाला, आता मी सोडीन तेवढाच वर जायचं. म्हणून आपण अजून म्हणतो, दिवस कासराभर वर आला.”

“ह्ये... ह्ये बरं हाय,” ते म्हणाले. पण पाणी आता त्यांच्या बरगड्यांना लागलं होतं आणि दात वाजत होते. “मग पृथ्वी आता कशाला टांगलीया?”

असला नवरा बाई! बुडत होता, तरी हिशेब विचारत होता.

“कशालाच नाही,” मी म्हटलं. “म्हणून तर फिरतीय गरागरा. आणि सगळ्यात मोठा तुकडा विहिरीत पडला. तो नाडा. त्याला देव म्हणाला, तू माणसाला पाणी दे. नाडा म्हणाला, देईन, पण मला तोडायचं नाही.”

खालून हळूच आवाज आला, “हौसा. त्येवढं बोलू नगंस.”

मी ओठ चावले. “नाही बोलत. सोंदराचं ऐका.” सोंदराचं सांगितलं, शिंक्याचं सांगितलं, करगोट्याचं सांगितलं. देवानं बाळ घडवलं तेव्हा पोट कुठं संपतं आणि पाय कुठं सुरू होतात हे कळावं म्हणून खूण बांधली, तो करगोटा, असं सांगितलं. आधी ते हूं म्हणायचे. मग नुसतं ऊं. मग मी विचारलं, “चऱ्हाटाचं सांगू?” आणि खालून काहीच आलं नाही. मी नाव घेऊन हाक मारली, दोनदा, तीनदा. मान छातीवर पडली होती.

“आत्याबाईऽऽ!”

वाख संपला होता. त्यांनी दोर ओढत आणला आणि खाली सोडला. सळसळ करत तो गेला, गेला, आणि ह्यांच्या डोक्यावर दोन वाव, म्हणजे दोनदा हात पसरावेत एवढं, अंतर राखून लोंबत राहिला.

मग दौलूमामांनी डोक्याचा पटका सोडला. “वयनी, ह्यो घ्या.”

आत्याबाईंनी दोन हातांत धरून एक हिसका दिला. फर्रकन फाटला. “ह्याच्यावर चिमनी बसली तर चिमनी पडंल, दौलू.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी अंगावरच्या लुगड्याकडं बघितलं. नवं होतं, माझ्या लग्नातलं, हिरवं. घरी जाऊन यायला वेळ नव्हता हे माझ्याही ध्यानात आलं होतं. मी कमरेशी हात नेला.

“तुजं नगं,” त्या म्हणाल्या.

“आत्याबाई, घ्या हो!”

“तुज्याला खळ हाय. खळीच्या कापडाला पीळ बसत न्हाई. सुटंल ते. माजं धुऊन मऊ झालंय, गच्च बसतंय.” आणि मग त्या पोरांकडं वळल्या. “तोंडं फिरवा. तिघांनी. धावंकडं. मी सांगंपातूर हिरीकडं कुनी बघायचं न्हाई.”

“वयनी...”

“दौलू, फिर.”

तिघं फिरले. आणि माझ्या सासूनं, जिचा डोक्यावरचा पदर मी झोपेतसुद्धा ढळलेला बघितला नव्हता, दिवसाढवळ्या, मोकळ्या माळावर, अंगावरचं नऊवारी सोडलं. मी थारोळ्याजवळचं पोतं उचललं आणि त्यांच्या कमरेला गुंडाळलं. त्यांनी लुगड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. “पीळ.” आम्ही दोघींनी पिळलं, दोराच्या वरच्या टोकात सांधलं, आणि दोर परत खाली गेला. या खेपेला ह्यांच्या मांडीवर पडला.

“तातोबा!” ही हाक मात्र माझी नव्हती. ती त्यांच्या आईची होती, आणि ती ऐकून मेलेला माणूससुद्धा उठला असता. ह्यांनी मान वर केली. “काखंखालनं घे. सुरगाठ नगं मारू, छाती आवळंल. निरगाठ मार. दोनदा मार.”

ह्यांनी कशीबशी मारली.

“दौलू, खांद्यावर घ्या. धावंनं खाली चला. मागं वळायचं न्हाई.”

आणि मग ते झालं, जे आजही डोळे मिटले की मला दिसतं. तीन गडी, विहिरीकडं पाठ करून, दोर खांद्यावर घेऊन, उतरणीनं एकेक पाऊल खाली जात होते. अगदी मोटेच्या बैलांसारखे. दोर मोटेच्या जुन्या लाकडी कण्यावरून, म्हणजे काठावरच्या आडव्या रुळावरून, कुरकुरत वर येत होता. आणि काठावर एक पाय दगडाला लावून आत्याबाई दोन्ही हातांनी तो दोर सावरत होत्या, दगडावर घासू नये म्हणून. त्यांना एकट्यांनाच खालचं दिसत होतं, म्हणून त्या एकट्याच बोलत होत्या. आणि सवयीनं बोलत होत्या.

“चल रं माज्या राजा. हां. च्यक् च्यक्. सरक. सरक. दमानं. हौऽऽ, थांब.”

“वयनी,” दौलूमामा पाठमोरेच धापा टाकत म्हणाले, “आमी बैल न्हाई.”

“बैल बरं. त्येंनी कवा उलटून बोललं न्हाई. चल म्होरं!”

अर्ध्यावर पोतं गळून पडलं. मी उचलायला वाकले. “ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “तू कना बघ. लुगड्याचा सांदा ताठलाय का बघ.” त्यांनी पोत्याकडं बघितलंसुद्धा नाही. नजर विहिरीत, हात दोरावर. उन्हात ती बाई नुसती एका चोळीवर उभी होती आणि मला ती गावच्या पाटलिणीपेक्षा नेटकी नेसल्यासारखी वाटत होती. यात माझी थाप नाही.

ह्यांचं डोकं काठावर आलं. मी एक काख धरली, आत्याबाईंनी दुसरी. बाहेर ओढलं. मग दोर मागं ओढून त्यांनी ते मातकट, पिळाचं लुगडं शांतपणे सोडवलं, तसंच नेसल्या, डोक्यावर पदर घेतला, आणि म्हणाल्या, “फिरा आता.”

दौलूमामा फिरले ते ह्यांच्याकडं गेलेच नाहीत. आधी आत्याबाईंच्या पायाशी वाकले. वयानं बरोबरीचे होते ते.

पाय बसला, थोडा आखूड राहिला. पण त्या आखूड पायानं त्यांनी पुढं चाळीस बेंदूर बघितले, आणि त्या सालच्या बेंदराला आधी नवा नाडा वळून घेतला, मगच बैलांची दावी. मला मात्र जलमभर चिडवलं. कुणी पाव्हणा आला की विचारायचे, “हिनं आमचं नाव कवा घेटलं, ठावं हाय का?”

पण गाव ते गाव. दौलूमामा आणि त्यांची पोरं एक शब्द बोलली नाहीत. तरी वारा काही गप्प बसतो का? गिरणीत, ओढ्यावर, बाजारात बायका कुजबुजायच्या. “भिवरा हिरीवर कशी उबी व्हती, ऐकलंस का?” तिखटमीठ लावून सांगायच्या. एकदा हळदीकुंकवाला एका म्हातारीनं तोंडावर म्हटलं, “काय भिवराबाई, आज नेसून आलीस व्हय?” सगळ्या हसल्या. आत्याबाई म्हणाल्या, “व्हय. आज कुनी बुडत नव्हतं.” आणि वाटीतलं हळदीकुंकू सगळ्यांना लावत पुढं गेल्या. कुजबूज विरायला बरीच वर्षं लागली. तेवढी वर्षं त्या ताठ मानेनं प्रत्येक बाजाराला गेल्या.

पुढं त्या थकल्या. एका दुपारी मी गोधडी शिवायला बसले होते. जुनी लुगडी काढली होती. माझं ते हिरवं निघालं. आतल्या अस्तराला घालावं म्हणून त्याच्या पट्ट्या करायला घेतल्या, तर कात्री बोथट, म्हणून हातानं फाडायला गेले. फाटेना. दोन्ही पायांत धरून ओढलं, तरी फाटेना. एवढ्या वर्षांनी, इतक्या धुण्यांनंतर! आत्याबाई उंबऱ्यापाशी पान कुटत बसल्या होत्या. त्यांच्या तोंडाचं बोळकं झालं होतं, तरी डोळ्यांत हसू दिसलं मला.

मी लुगडं मांडीवर ठेवलं.

“आत्याबाई, खळ तर पहिल्या धुण्यालाच जाते.”

“व्हय.”

“आणि हे मी त्या दिवसाच्या आधी चार महिने नेसत होते.”

“हं.”

“म्हणजे त्यात खळ नव्हतीच. ह्याला पीळ बसला असता. तुमच्या लुगड्यापेक्षा घट्ट बसला असता.”

त्या खलबत्त्यात कुटत राहिल्या. “लईच घट्ट बसला आसता. माजं तर कमरंला झिजून इरलं व्हतं.”

“मग? आत टांगलेला तुमचा पोटचा मुलगा होता!”

“मुलगा व्हताच की. आन तू? चार म्हैन्याची सून. मला ह्या गावात ऱ्हायचं किती उरलं व्हतं? तुला जलम काडायचा व्हता. रोज उटून त्याच बायकांत पान्याला जायाचं व्हतं.”

मी त्या हिरव्या लुगड्याचा काठ चाचपत राहिले. मग मी विचारलं, “आणि तुमचं फाटलं असतं तर?”

“म्हनून तर तुला सांदा बघत ऱ्हा म्हनलं. एक धागा तुटला आसता तर तुजं मागितलं आसतं. लाज न्हाई बघितली आसती.” त्यांनी पानाचा गोळा तळहातावर घेतला. “पर आदी माजं.”

मी लुगड्याची घडी घातली. “आख्खा माळ मला थापाडी म्हणतो, आत्याबाई. आणि एवढी मोठी थाप तुम्ही मारली, भर विहिरीच्या काठावर, आणि मला इतक्या वर्षांत पत्ता नाही!”

“तुज्या थापंला आवाज लई, हौसे,” त्या म्हणाल्या, आणि अर्धं पान माझ्यापुढं केलं. “थाप कशी, गप मारावी.”